तिवराला हात न लावता

पेणच्या खारेपाटात बायजाबाईचं दीड एकर भात आहे, खाडीच्या बांधाला अगदी लागून. गेल्या श्रावणात पुनवेच्या उधाणानंतर ती सकाळी शेतावर गेली, तर बांधाच्या पोटातून मनगटाएवढी धार आत येत होती. तिनं बोट बुडवून जिभेला लावलं. खारट. खारं पाणी एकदा शेतात बसलं की दोन-तीन वर्षं भात धरत नाही. 

पूर्वी बांधाला अशी खांड पडली की अख्खं गाव धावायचं. बाहेरच्या अंगाचे तिवर, म्हणजे खाडीतली खारफुटीची झाडं, तोडून खांडीत कोंबायचे, वर खाडीचा चिखल थापायचा. पण दोन वर्षांपूर्वी शेजारच्या गावात असंच केलं आणि सहा जणांवर तिवर तोडल्याचा गुन्हा दाखल झाला. त्यातला दाजी हा बायजाबाईचा मावसभाऊ. अजून कोर्टाच्या तारखांना जातो. तेव्हापासून तिवरांजवळ कोयता न्यायचीही कुणाची छाती होत नव्हती.

नवरा जगनला घेऊन ती पेणला गेली. बांधाच्या खात्यातले साहेब म्हणाले, "बांध आमचा, पण तिवर जाणार असतील तर आधी वनखात्याला विचारा."

तिथं प्रणित नावाचा वनरक्षक भेटला. त्यानं खुर्ची दिली, नीट समजावलं. "मावशी, पर्यावरणाचा कायदा दिल्लीचा. किनाऱ्याचे नियमपण तिथूनच येतात. राबवायचे राज्यानं. म्हणजे अर्ज मुंबईला जाणार, काम मोठं ठरलं तर दिल्लीला. तिवर तोडायचे तर हायकोर्टाचीही परवानगी."

"किती दिस लागतील?"

"महिने म्हणा."

"अवसेचं उधाण नऊ दिसांवर हाय, बाला."

प्रणितनं पेन खाली ठेवलं. "तिवराला हात लावू नका. एवढंच मी सांगू शकतो."

अर्ज देऊन दोघं परत आली.  बांध भरला तर पोलीस, नाही भरला तर खाडी. तिसऱ्या दिवशी चुलीपुढं बसल्या बसल्या ती म्हणाली, "माती आतून काढू. भायेर खणलं तर तिवरांची मुळं तुटतील."

"आतून म्हंजे? आपल्या भातातून?" जगन ओरडला. "येडी झालीस काय गो? गुडघाभर भात हाय!"

"मंग तूच सांग, कुठून काढू?"

त्यानं कोपऱ्यातलं फावडं काढून दाराशी ठेवलं. दुसऱ्या दिवशी दोघांनी उभ्या भातासकट माती खणायला घेतली. पहिल्यांदा शेजारच्या शेतातली काशीबाई घमेलं घेऊन आली, मग गावातला रघू, मग दहा-बारा जण. सगळ्यांची नजर मात्र रस्त्याकडं, सरकारी जीप येते का म्हणून.

तिसऱ्या दिवशी वनखात्याची जीप आलीच. रघू फावडं टाकून पळाला. बायजाबाईनं चिखलात रुतलेले पाय हलवले नाहीत.

"बघून घ्या," ती प्रणितला म्हणाली. "एक फांदी तुटली आसंल तर मला न्या. यांना नको."

तो बांधावरून चालत गेला, फोटो काढत परत आला. "बांध होता त्याहून रुंद करू नका. मी जुन्या बांधाची दुरुस्ती म्हणून लिहितो. वरचे काय म्हणतील ते मला नाही सांगता येत."

अवसेला दुपारी साडेबाराला भरती होती. पाणी वाढत वाढत बांधाच्या माथ्याखाली वीतभर आलं. नवी माती एका जागी फुगायला लागली, तशी बायजाबाईनं पेंढ्याच्या जुड्या तिथं दाबल्या आणि स्वतः वर बसली. खालून बांध हलतोय असं तिला सारखं वाटत होतं. जगन तिचा दंड धरून उभा होता. तासाभरानं पाणी एक बोट उतरलं, मग दोन.

गावाचं भात वाचलं. बायजाबाईचे खणलेले चार गुंठे तेवढे डबकं होऊन राहिले.

दिवाळीत मुंबईहून पत्र आलं: अर्ज विचाराधीन आहे. जगननं ते दोनदा वाचून दाखवलं. हे चांगलं की वाईट, कुणालाच कळलं नाही. अजून रस्त्यावर जीप थांबली की बायजाबाई हातातलं काम टाकून तिकडं बघते.

मी तिला भेटलो तेव्हा ती तिवरांकडं बघत म्हणाली, "ते हायेत म्हणून लाटा मोडतात, मला काय ठावं नाय व्हय? ऱ्हाऊ देत की. पण बांध फुटताना कुणाचं दार वाजवायचं, एवढं एकानं तरी सांगावं."