गफूरचाचांची टिचकी

औरंगपुऱ्यात कॅमेरे दुरुस्त करणाऱ्या गफूरचाचांकडे कुणी दुर्बीण दाखवायला आणली, की ते तिला डोळा लावत नसत. स्टँडच्या पायाला टिचकी मारत आणि नळीवर बोट ठेवून थरथर थांबायची वाट बघत. गिऱ्हाईक ताटकळलं तरी चाचांना घाई नसे.

मी पहिल्यांदा गेले ती मोठ्या शहाणपणानं विचारायला, की ताऱ्यांचे फोटो काढायला स्वस्तातली दुर्बीण किती नंबरची घ्यावी?

"बेटी, नंबर चष्म्याला असतो," चाचा म्हणाले. "दुर्बिणीचे आधी पाय बघायचे. पाय हलले, की फोटो गेला." नळी आखूड घे म्हणाले, पण स्टँड भक्कम घे, आभाळाबरोबर हळूहळू फिरणाऱ्या मोटरचं.

घाई मला होती. काचबिंदूनं आईची नजर कडेकडेनं मिटत चालली होती. नळीतून तिला काही उमगलं नसतं. टीव्हीवर मोठं केलेलं चित्र तेवढं दिसे. ती बिडकीनकडच्या रानात मेंढरं राखत वाढलेली. तिकांड्याच्या, म्हणजे मृगातल्या ओळीनं असलेल्या तीन ताऱ्यांच्या, खाली धुरासारखं काही असतं. ते पुन्हा एकदा बघायचं, एवढंच तिचं मागणं होतं. आहे ती नजरही फार दिवसांची नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

तरी मी माती खाल्लीच. खोक्यावरचा मोठा आकडा बघून दुसरीकडून लांबलचक दुर्बीण आणली. फोटोत ताऱ्यांच्या शेवया झाल्या. आई टीव्हीजवळ जाऊन "छान हाय" म्हणाली. ती माझं मन राखतेय हे कळलं आणि मला रडूच आलं.

दुर्बीण उचलून चाचांकडे गेले. वाटलं, आता बोलणी खायची. त्यांनी टिचकी मारली. थरथर काही थांबेना, तेव्हा तेच हसायला लागले. मग आतून स्वतःचं मोटरचं लोखंडी स्टँड आणि एक आखूड नळी काढून दिली. तिकांडं मावळतीला लागायच्या आत फोटो काढ, एवढंच म्हणाले.

फेब्रुवारीत, दिवेलागणीनंतर मामाच्या शेतात फोटो निघाला. घरी आईनं टीव्हीला जवळजवळ नाक लावलं आणि बोट नेमकं त्या धुरावर ठेवलं.

"व्हय. ह्योच."

स्टँड परत करायला आईला घेऊनच गेले. अम्मांना दिसलं का, चाचांनी विचारलं. दिसलं म्हटल्यावर म्हणाले, "मग राहू दे. दिलेले पाय कुणी मागं घेतं का?" आणि आईला टिचकी कशी मारायची ते शिकवत बसले.

पुढच्या पावसाळ्यात आईची नजर पुरती गेली. नंतर चाचाही गेले. दर हिवाळ्यात मी मामाच्या शेतात ते स्टँड लावते. आई चाचपडत येते, पायाला टिचकी मारते, नळीवर बोट ठेवून उभी राहते.

"थांबलं," ती म्हणते. "काढ आता."