दोन राखाडी पट्ट्या

ठोकलेली गाडी दुरुस्त झाली म्हणजे ती ठोकली होती हे कुणाला ओळखता येता कामा नये. गॅरेजात या कामाची दोघांत वाटणी होती. चेमटलेला पत्रा सरळ करी तो डेंटर, आणि त्यावर उरलेल्या गाडीशी जुळणारा रंग चढवी तो पेंटर. दोघांनीही पन्नाशी ओलांडली होती, आणि त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारी माणसे आता फक्त घरातच उरली होती.

पेंटरचे खरे काम फवारण्याचे नव्हते. ते कुणीही शिकते. तक्त्यात प्रत्येक रंगाला क्रमांक असतो, पण वर्षानुवर्षे उन्हात उभी राहिलेली गाडी त्या क्रमांकाला ओळख देत नाही. मधले अंतर डोळ्यानेच भरून काढावे लागते. थेंबभर काळा, काडीच्या टोकावर मावेल इतका पिवळा घालायचा; पत्र्याच्या पट्टीवर फवारून ती वाळवायची; गाडीला टेकवून धरायची आणि डोळे बारीक करायचे. हे तो सकाळीच करी. उत्तरेच्या मोठ्या खिडकीतून तेव्हा येणारा उजेड रंगात स्वतःचे काही मिसळत नसे. दुपारनंतर समोरच्या इमारतीची विटकरी भिंत तापे आणि प्रत्येक रंगात थोडीथोडी उतरे.

घरातली सकाळही अशीच जपून वापरायची गोष्ट होती. बायको बेकरीत रात्रपाळीला जाई. ती परते तेव्हा तिच्या कोपरापर्यंत पीठ असे आणि केसांना भाजक्या पावाचा वास. मुलगी कॉलेजला निघे, आणि ती गेल्यापासून पेंटर कामावर निघेपर्यंत घर त्या दोघांचे असे. पण गेल्या वर्षभरात नेमक्या याच वेळी त्याचे शरीर त्याला साथ देईनासे झाले होते. "असू द्या, दमला असाल," बायको म्हणे, आणि पाठ वळवून झोपी जाई. तिने वैतागून काही सुनावले असते तर त्याला सोसले असते. तिच्या समजूतदारपणानेच तो जास्त धास्तावला. पुढे पुढे तो सकाळी न्हाणीघरात उगाच वेळ काढू लागला.

ही गोष्ट डेंटरने जेवणाच्या सुट्टीत त्याच्याकडून काढून घेतली.

"तोंड असं का झालंय, मडगार्ड ठोकल्यासारखं?"

"काही नाही."

"आपल्या वयात काही नाही म्हणजे एकच गोष्ट असते." डेंटरने पाकिटातून गोळ्यांची पट्टी काढली. "घे. वेळेच्या तासभर आधी."

"अर्धी घेऊ का?"

"अर्धी? थिनर मोजतोयस काय? मी अख्खी घेतो. मेलो का?"

"डॉक्टरनी दिलीय ना ही?"

"मला दिलीय. म्हणजे तुलाही दिल्यासारखीच."

गोळीने आपले काम केले. चेहरा तापे, नाक चोंदे, पण त्याचे त्याला काही वाटले नाही. ज्या सकाळी गोळी घेई त्या सकाळी तो गुणगुणत घराबाहेर पडे. बायकोला काही कळले नाही, किंवा तिने तसे दाखवले नाही. तिला सांगायचे म्हणजे आजवरचे सुख आपले नव्हते, गोळीचे होते, असे कबूल करण्यासारखे होते. तो मूग गिळून बसला.

त्यानंतर काही आठवड्यांनी एका निवृत्त दंतवैद्याची जुनी, हिरवट राखाडी गाडी दाराला मार लागून आली. पेंटरने सकाळी खिडकीशी रंग जुळवला, दुपारी दार फवारले. संध्याकाळी मालकीणबाईंनी गाडी उन्हात काढायला लावली. गॅरेज सुरू केले त्यांच्या वडिलांनी; मालकीणबाई या पोरवयापासून पेंटरच्या हाताखाली पट्ट्या वाळवत मोठ्या झालेल्या.

"पेंटरकाका, इकडे या जरा," त्या म्हणाल्या. "हे दार दुसऱ्या गाडीचं आहे का?"

त्याने पाहिले. दार निळसर होते. रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही दिसावे इतके.

"सकाळी पट्टी धरली तेव्हा जुळत होती."

"कुठल्या गाडीला धरली होतीस?" डेंटर हसला. मालकीणबाई हसल्या नाहीत.

त्याने आत जाऊन सकाळची पट्टी आणली, गाडीला टेकवली. आता दोन्हींतला फरक लख्ख दिसत होता. डोळ्याने चूक केली असती तर ते त्याला समजले असते. पण डोळा चुकून पुन्हा आपोआप बरोबर झाला होता, आणि याच गोष्टीने त्याच्या तोंडचे पाणी पळाले. आपल्या डोळ्याच्या आत कुणीतरी येऊन बसते आणि मनात येईल तेव्हा उठून जाते, असे त्याला वाटू लागले.

त्याचे वडीलही पेंटरच होते. काचबिंदूने त्यांची दृष्टी नेली होती. शेवटची वर्षे ते खिडकीशी खुर्ची टाकून बसत आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारत, "आज कुठल्या रंगाचं घातलंयस?" उत्तर ऐकून म्हणत, "हां, वाटलंच मला." एकदा धाकट्या बहिणीने चेष्टेने अंगातल्या लाल फ्रॉकला हिरवा म्हणून सांगितले. वडील म्हणाले, "वाटलंच मला." घरातले कुणी हसले नव्हते.

पुढच्या दिवसांत काही सकाळी नीट गेल्या, काही नाही. कुठली कशी जाणार याचा त्याला अंदाज लागेना. रंग जुळवायचे काम तो दुपारवर ढकलू लागला, दिव्याखाली करू लागला, शेवटी एकदा डेंटरलाच म्हणाला, "हे बघ रे जरा."

"आता रंगही मीच बघू? मग उद्यापासून पत्रा तू ठोक."

मालकीणबाईंच्या नजरेतून हे सुटले नाही. त्यांनी त्याला केबिनमध्ये बसवले. "डोळे दाखवून घ्या काका. रंग वाचणारं मशीन विकायला लोक सारखे येतात, मी परत पाठवते. बाबांनी तुमच्या डोळ्यावर गॅरेज चालवलं. मला मशीनवर चालवायची वेळ आणू नका."

डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायला बायको पाळी संपवून, न झोपता सोबत निघाली. डॉक्टरीणबाईंनी थेंब घातले, डोळ्याचा दाब मोजला, रंगीत बुचे छटेच्या क्रमाने लावायला दिली. त्याने एकही न चुकता लावली. मग त्यांनी विचारले, "औषध काही चालू आहे?"

"नाही."

"रोजचंच असं नाही. कधीतरी घेतलेलं? झोपेचं, ताकदीचं?"

बायकोचा दंड त्याच्या दंडाला लागून होता. तो तोंड उघडणार एवढ्यात तीच म्हणाली, "छे हो, यांना डोकं दुखलं तरी गोळीसाठी मागे लागावं लागतं."

"नाही," तो पुन्हा म्हणाला.

"आत्ता डोळा उत्तम आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण वडिलांना काचबिंदू होता, आणि रंग येऊन-जाऊन बिघडतात म्हणता. मला डोळ्यामागची नस बघायला हवी. मेंदूचाही स्कॅन करून घेऊ. आणि पुन्हा तसं झालं तर त्याच वेळी या. बरं वाटल्यावर नको."

परतताना बसमध्ये बायकोने त्याचा हात धरला. चारचौघांत तिने तो कधी धरला नव्हता. ती म्हणाली, "मी आठवत होते. ज्या दिवशी तुम्ही गुणगुणत बाहेर पडता ना, त्याच संध्याकाळी तोंड उतरवून येता."

ती सहज बोलली होती. पेंटर मात्र खिडकीबाहेर बघत राहिला. गुणगुणण्याचे दिवस आणि गोळीचे दिवस एकच होते. गोळी हेच कारण असेल, तर तिने डोळ्याचे कायमचे काही बिघडवले असेल का? आणि गोळी हे कारण नसेल, तर मग मेंदूच. दोन्हींपैकी कुठली भीती पत्करावी हेही त्याला ठरवता येईना.

पुढच्या रविवारी बायको बहिणीकडे आणि मुलगी मैत्रिणीकडे गेली. त्याने खिडकीशी टेबल ओढले आणि त्यावर पत्र्याच्या दोन पट्ट्या ठेवल्या. एक त्या गाडीच्या खऱ्या रंगाची, हिरवट राखाडी. दुसरी त्या फसलेल्या दाराची, निळसर. दोन्हींतला फरक आत्ता स्पष्ट होता. त्याने गोळी घेतली आणि पट्ट्यांकडे बघत बसला. शरीराला या प्रयोगात काहीच रस नव्हता. आधी कान तापले, मग नाक चोंदले. पांढऱ्या भिंतीवर निळीच्या पाण्यासारखी झाक आली. आणि मग दोन्ही पट्ट्या, दोन माणसे बोलत बोलत एकमेकांकडे सरकावीत तशा, जवळ येऊ लागल्या. त्याने डोळे मिटले, उघडले. पट्ट्या एकच झाल्या होत्या.

हेच तर तपासायला तो बसला होता. पण कारण सापडल्याचे समाधान काही वाटले नाही. या पुन्हा वेगळ्या झाल्याच नाहीत तर, एवढेच मनात आले.

दाराला किल्ली लागली. बहीण घरी नव्हती म्हणून बायको परतली होती. "अहो, अंधारी आल्यासारखे काय बसलात?"

"आधी सांग. या दोन्ही सारख्या आहेत?"

"नाही. ही हिरवट आहे."

"मला सारख्या दिसतायत."

तिचे लक्ष पेल्याशेजारच्या गोळ्यांच्या पट्टीकडे गेले. तिने ती उचलली, मागची बारीक अक्षरे डोळ्यांपाशी नेऊन वाचली.

"कुणी दिली?"

"डेंटरनं."

"पत्रा ठोकतो तो?"

"हो."

"आणि डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा?"

"तू शेजारी होतीस."

"म्हणजे मी शेजारी होते म्हणून तुम्ही आंधळे व्हायला तयार होतात." तिने आवाज चढवला नाही. "मला वाटत होतं, मीच आता पिठाच्या गोणीसारखी झालेय. वर्षभर तेच वाटत होतं मला."

ती समोर खुर्ची ओढून बसली. थोड्या थोड्या वेळाने पट्ट्या पाठीमागे नेऊन अदलाबदल करी आणि समोर धरी. "आता?" "सारख्या." "आता?" "सारख्या." भिंतीवरची निळी झाक विरू लागली तरी तो सारख्याच म्हणत राहिला, कारण दिसणाऱ्यावर त्याचा विश्वास बसेना. दुपारी कधीतरी तो म्हणाला, "डावी हिरवट." तिने पुन्हा अदलाबदल केली, पुन्हा धरली. मग उठून चहा टाकला.

डॉक्टरीणबाईंनी सगळे ऐकून स्कॅन तूर्त थांबवला आणि त्यांना एका फिजिशियनकडे पाठवले. गोळी कुठली घ्यावी एवढेच विचारायला दोघे गेले होते; डॉक्टरांनी आधी त्यालाच तपासायला घेतले. चालताना छातीत दुखते का, जिभेखाली ठेवायची गोळी कधी घेतली का. "ती आणि ही एकत्र झाली तर रक्तदाब कोसळतो, माणूस हातचा जातो. दुसऱ्याच्या खिशातली गोळी खाताना हे कुणी विचारतं का? आणि या वयात ही तक्रार म्हणजे कधीकधी हृदयाची आगाऊ सूचना असते." बायकोने पदराचे टोक बोटाला गुंडाळले. हृदयाचा आलेख स्वच्छ निघाला; साखर काठावर होती. अहवाल येईपर्यंतच्या चार दिवसांत पेंटरचे वजन उतरले.

मग डॉक्टरांनी गोळ्यांची तुलना केली. "तुम्ही घेत होता ती सिल्डेनाफिल, आणि तीही सगळ्यात मोठ्या मात्रेची, रिकाम्या पोटी. चारपाच तास चालते. डोळ्याच्या पडद्यालाही थोडी लागते, म्हणून निळं दिसतं, निळ्या-हिरव्यातला फरक पुसट होतो. मात्रा कमी केली तर त्रास कमी. व्हार्डेनाफिल साधारण तिच्याच वळणाची. टाडालाफिल दीड दिवसापर्यंत राहते, जेवणाशी तिचा संबंध नाही, डोळ्याला सहसा लागत नाही. पण पाठ, मांड्या धरू शकते. तुमचं काम वाकून करायचं ना?"

"पाठ धरली तर माझ्या जागी दुसरा वाकेल," पेंटर म्हणाला. "डोळ्याचं तसं नाही."

"सहसा म्हणालो मी. कधीच नाही, असं म्हणालो नाही."

त्या 'सहसा'भोवती त्याचे मन अडकून पडले. बायकोने विचारले, "रविवारी घेतली तर?" डॉक्टर म्हणाले, तेच शहाणपणाचे. टाडालाफिलच्या लहान मात्रेपासून सुरुवात ठरली.

पहिल्या रविवारी पट्ट्या टेबलावर आधी आल्या. तिने पाठीमागे अदलाबदल करून धरल्या. तो बरोबर बोलला. पुन्हा धरल्या, पुन्हा बरोबर. "अजून एकदा," तो म्हणाला. असे किती वेळा झाले कुणास ठाऊक. शेवटी तिने दोन्ही पट्ट्या कपाटात टाकल्या. "अहो, गोळी कशासाठी घेतलीय ते लक्षात आहे ना?"

सोमवारी सकाळी तो उत्तरेच्या खिडकीशी उभा राहिला तेव्हा पाठीत बारीक कळ होती, आणि गोळी अजून अंगात असणार हेही त्याला ठाऊक होते. फिकट निळ्या गाडीचा रंग जुळवायचा होता. त्याने पट्टी टेकवली. त्याला ती जुळलेली दिसत होती. पूर्वी एवढे पुरे असे. आता नव्हते. तो केबिनच्या दाराशी गेला.

"बाईसाहेब, यापुढे प्रत्येक पट्टी तुम्हीही बघत जा."

मालकीणबाईंनी त्याच्याकडे पाहिले, कारण विचारले नाही. त्या खिडकीशी आल्या, डोळे बारीक केले, अगदी त्याने शिकवले होते तसे. तो त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

"जुळतंय," त्या म्हणाल्या.

"नीट बघितलंत?"

"बघितलं काका."

"एकदा बाहेर उन्हात धरून बघू," तो म्हणाला, आणि पाठ दाबत पट्टी घेऊन निघाला.