खंडेनवमीची एकच फ्रेम

काळेवाडीत ज्योतीरामचं पत्र्याच्या शेडमधलं छोटं वर्कशॉप आहे. चाकणच्या कंपन्यांना तो लेथ मशीनवर बुश आणि पिना कातून देतो. माणूस सरळ, पण रोलच्या कॅमेऱ्याचं वेड भारी. न्हाणीघरात फिल्म धुतो आणि सुमनताईंची, म्हणजे बायकोची, बोलणी आनंदाने खातो.

यंदा खंडेनवमीला त्याला एकच फोटो हवा होता. जुनी लेथ दुसऱ्या दिवशी विकून जाणार होती, आणि जिच्यावर ज्यांनी त्याला काम शिकवलं ते म्हातारे अर्जुनराव पूजेला आले होते. दोघांचा एकत्र फोटो. रोलमध्ये फ्रेमही एकच उरलेली.

त्या दिवशी यंत्रांना विश्रांती, म्हणून मेन स्विच बंद. शेडमध्ये उजेड समयांचा. कॅमेऱ्याच्या मीटरने शटर दहा सेकंद उघडं ठेवायला सांगितलं.

"गुरुजी, कमी उजेडात फिल्म सुस्तावते," पूजा सांगायला आलेल्या मला तो म्हणाला. "दहाला पंचवीस तरी द्यावे लागतात."

तेवढा वेळ माणसं स्थिर राहावीत म्हणून त्याने युक्ती काढली होती. आरतीनंतरचं शेवटचं कडवं घरी मोजलं, तर ते नेमकं तेवढंच भरलं. सगळे हात जोडून उभे असणार, हलतील कशाला?

कडवं सुरू झालं, त्याने शटर उघडलं आणि अख्खी शेड स्वतःभोवती गिरक्या घेऊ लागली. त्या कडव्याला फिरायचंच असतं. घरी त्याने ते खुर्चीत बसून मोजलं होतं! सुमनताई फिरल्या, कामगार एकमेकांवर आपटले, मी चष्मा धरून फिरलो. अर्जुनराव तर गुडघे विसरून भोवऱ्यासारखे. आरतीत ओरडावं कसं? शेवटी ज्योतीरामही सवयीने एक गिरकी घेऊन मगच शटर बंद करायला धावला.

फोटोत लेथ लख्ख आली, झेंडूच्या माळेसकट. माणसांच्या जागी नुसती धुराची वेटोळी. लेथ तर गेलेली. पडल्या चेहऱ्याने तो फोटो घेऊन अर्जुनरावांकडे निघाला, तेव्हा मीही सोबत गेलो.

"ह्यात मी कुठं हाय रं?"

ज्योतीरामने पांढऱ्या वेटोळ्यावर हळूच बोट ठेवलं.

अर्जुनराव हसता हसता खोकायला लागले. "बरूबर हाय की. जल्मभर मशीन फिरली, मी हुबा. आता ती हुबी, अन् मी फिरतुय!"

मग त्यांनी विमलबाईंना हाक मारली आणि आपला नवरा ओळखायला लावला. विमलबाईंनी सुमनताईंच्या वेटोळ्यावर बोट ठेवलं.

मोठी कॉपी आता अर्जुनरावांच्या दारासमोरच्या भिंतीवर आहे. येणाऱ्याला त्यातले अर्जुनराव ओळखल्याशिवाय चहा मिळत नाही.