दारावरचा चुना

"शर्ट काढ," साहेब म्हणाले. मी काढला.

आलापल्लीच्या डाकबंगल्याचा व्हरांडा. नागपूरहून आलेले दोन पाहुणे चहा पीत होते. साहेबांनी पेन्सिलीचं टोक माझ्या गालावरच्या व्रणांत रुतवलं. "देवी येऊन जगलेला माणूस. त्या विषाणूला मारणारं काहीतरी याच्या रक्तात तयार झालंय. तेच मला शोधायचंय." मग दंडाला रबरी नळी बांधली. रक्ताची बाटली त्यांनी स्वतःच्या हातानं पेटीत ठेवली. मी पाणी मागितलं. खानसाम्यानं वरून ओंजळीत ओतलं. माझ्या जातीचा हात माठाला चालत नव्हता. रक्त चालत होतं.

एक पाहुणा हसला. मीही हसलो. त्या हसण्याची मला आजही किळस येते.

साहेब देवीवर संशोधन करणारे सरकारी डॉक्टर, मी त्यांचा शिपाई. मला देवी पुन्हा होणार नव्हत्या, म्हणून आजाऱ्यांच्या घरात मीच शिरायचो. गावकऱ्यांशी बोलायचोही मीच. त्या साली साथ जंगलातल्या एका गावाच्या शिवेपर्यंत आली. साहेबांनी ठरवलं, अर्ध्या घरांना लस टोचायची, अर्ध्यांना नाही. दोन्हीकडचं रक्त ताडून बघायचं. ज्यांना द्यायची नाही त्यांच्या दारांवर मी चुन्याचा पट्टा ओढला. कोणी विचारलं तर सांगायचं, लस सरली. मी सांगितलं. लसीच्या नळ्या पेटीत होत्या.

जानोच्या दारावर पट्टा होता. तिची मैनी चार वर्षांची.

"दादा, पोरीले तरी टोचून दे."

"सरली, बाई."

"मंग हे पांढरं कायले?"

मी चुन्याचं डबडं उचलून पुढच्या दाराकडे वळलो. तिनंच ठरवलं, ही राखण आहे. माता हे दार ओलांडणार नाही. दुसऱ्या दिवशी पाहतो तर तिचं ऐकून लस टोचलेल्या घरांनीही आपापल्या दारांवर चुना ओढलेला. साहेब पोट धरून हसले. "आता वही बघूनच घरं ओळखावी लागणार."

मी वही उघडून त्यांच्यापुढं धरली.

तीन आठवड्यांनी परत गेलो. मैनी गेली होती. जानोच्या तोंडावर खपल्या होत्या. दारावरचा पट्टा ताजा होता. पोरगी तापलेली असताना तिनं तो पुन्हा ओढला होता.

"आई वाचली? उत्तम. हिचं रक्त घे," साहेब म्हणाले.

"नाई घेत."

"काय म्हणालास?"

"नाई घेत, साहेब."

"पेटीला हात लावू दिला म्हणून माजलास." छडी पाठीवर बसली.

मी जानोकडे वळलो. "पट्टा मी ओढला, बाई. लस होती. पेटीतच होती. कोण मरते अन् कोण जगते, ते आम्ही पाहून राह्यलो होतो."

ती म्हणाली, "तुह्या पोरीच्या दारावर ओढला असता का?"

माझ्या दोन्ही पोरींना मी लस आली त्या पहिल्याच दिवशी टोचून घेतलं होतं.

तिनं विळा घेतला आणि पट्टा खरवडून काढला. मी पेटी उघडली. वर्षानुवर्षं बघून टोचणं मला येत होतं. लस न दिलेल्या उरलेल्या घरांना मी टोचलं. साहेब मागून ओरडत होते. नोकरी गेली.

जानोनं मला माफ केलेलं नाही. तिनं करूही नये. पण आता माझ्यादेखत कोणी दारावर खूण करायला निघाला, तर त्याच्या आधी मी त्या घरात शिरेन. खुणेचा अर्थ सांगेन. आणि ती खूण एकदा माझ्या हातानं झाली होती, हेही सांगेन.