फाईलीच्या वरच्या दोन ओळी

सांगलीत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना मी एक चोरी केली. तेव्हा तिला चोरी म्हणायची माझी तयारी नव्हती.

प्रोजेक्टला माझी जोडीदार कोरेगावची एक मुलगी होती. तिचे वडील पत्र्याच्या पेट्या बनवत. कॉलेजने दिलेल्या दोन जुन्या कॉम्प्युटरपैकी एकावर मी लिनक्स टाकलं, दुसऱ्यावर तिने फ्रीबीएसडी. दोन्ही युनिक्स या जुन्या सिस्टीमच्या वळणाच्या ऑपरेटिंग सिस्टीम, फुकट, सोर्स कोड सगळ्यांना खुला. त्यांची तुलना करणं हाच प्रोजेक्ट.

कामाची रीत मात्र निराळी. लिनक्सचा गाभा एकीकडे तयार व्हायचा, बाकीचे प्रोग्राम दुसरीकडे, आणि ते जुळवून सीडी काढणारे तिसरेच. फ्रीबीएसडीत अख्खी सिस्टीम एकाच मंडळींच्या हाती. पारखल्याशिवाय ते काही आत घेत नसत.

"तुमच्याकडे दारातच अडवतात," मी चिडवायचो.

"अडवू देत. घाईत ठोकलेला रिव्हेट निघतो, असं अब्बा म्हणतात."

दोन्ही कॉम्प्युटरमधलं नेटवर्क कार्ड जरा ताण आला की बंद पडायचं. तीन आठवडे खपून तिने कारण शोधलं, कार्ड चालवणारा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, दुरुस्त केला आणि फ्रीबीएसडीकडे पाठवला. तिकडून शंका येत राहिल्या, ती उत्तरं देत राहिली. तेवढ्यात मी तिची फाईल घेतली, लिनक्सला चालेल अशी केली, वरच्या तिच्या नावाच्या दोन ओळी खोडल्या आणि माझं नाव घालून लिनक्सवाल्यांना मेल केली. आठवड्यात ती स्वीकारली गेली. सरांनी वर्गात माझं कौतुक केलं. ती पहिल्या बाकावर होती. मी फळ्याकडे बघत राहिलो.

नंतर लॅबमध्ये तिने विचारलं, "माझीच फाईल न्हवं ती?"

"बरंच बदललंय मी."

"बदलायला कोण न्हाई म्हणतंय? आमच्या लायसनमध्ये कुणीबी घ्यावं, विकावंसुद्धा. नाव तेवढं ठेवायचं. एवढीच अट हाय, रं."

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, कार्ड कुणी दुरुस्त केलं? तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "दोघांनी." तेही खोटंच होतं.

निकालानंतर माफी मागायला एसटीने कोरेगावला गेलो. ती नोकरीच्या मुलाखतीला साताऱ्याला गेली होती. वडिलांनी हातोडा बाजूला ठेवला, चहा मागवला.

"पोरगी सांगत हुती, तुमी लय मदत केली तिला," ते म्हणाले.

मी चहा संपवला, त्यांना खरं न सांगताच उठलो.

सांगलीला परतल्यावर लिनक्सवाल्यांना मेल लिहिली, की मूळ काम तिचं आहे. पुढच्या आवृत्तीत तिचं नाव आलं. तिच्यासमोर उभं राहून हे सांगायचं मला अजून जमलेलं नाही.