साहेबांची जागा

चहाच्या टपरीवर बसण्याआधी तो कुत्र्याला म्हणायचा, "साहेब, मागं बघा." कुत्रं त्याच्या पाठीला पाठ लावून बसायचं. मग तो बशीत चहा ओतायचा. पहिली बशी साहेबांची.

चौसाळ्याच्या अलीकडे, हायवेला लागून आमचं गाव. तो गावचा फौजी. सीमेवरच्या स्फोटात दोन साथीदार त्याच्या डोळ्यांदेखत गेले, तेव्हापासून पाठीमागे कुणी उभं राहिलं की त्याला घाम फुटायचा. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. वर्षभर त्याने उंबरा ओलांडला नाही. मग फौजेत कुत्री शिकवलेल्या या माणसाने उकिरड्यावरचं एक पिल्लू उचललं आणि स्वतःसाठी शिकवलं. ट्रकचा टायर फुटला की साहेब पुढचे पाय त्याच्या मांडीवर ठेवून सगळं वजन टाकत. हळूहळू त्याचा श्वास जाग्यावर येई. साहेबांमुळे तो बाजारात भाजी घेऊ लागला होता.

"लई कडक हायेत," तो मला सांगायचा. "मला सुट्टीच देत न्हाईत."

सव्वीस जानेवारीला त्याच्या सत्काराची टूम निघाली. सरपंच मला म्हणाले, "सर, स्टेजवर कुत्रं कशाला? फोटो निघणारेत." सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. मी मान डोलावली. त्याला म्हणालो, "पाचच मिनिटं. तुमच्या मागं मी उभा राहतो."

"तुमी हाय ना मग?" तो म्हणाला आणि त्याने दोरी माझ्या हातात दिली. मी साहेबांना शाळेच्या कुंपणाला बांधलं.

खांद्यावर शाल पडली, नारळ दिला, टाळ्या सुरू झाल्या आणि पोरांनी स्टेजसमोर फटाक्यांची लड पेटवली. फौजीचा सत्कार म्हणजे बार उडालेच पाहिजेत! तो टेबलाखाली घुसला. शालीत डोकं खुपसून, स्फोटात गेलेल्या साथीदारांना नावाने हाका मारू लागला. समोर हशा पिकला, मोबाइल वर झाले. तिकडे कुत्रं गळा काचेपर्यंत दोरीला हिसके देत होतं. आणि मी माइकवर काय म्हणालो? "टाळ्या थांबवू नका."

त्या आवाजाची मला आजही किळस येते. गावाचीही येते, लपवत नाही. ज्यांनी तो व्हिडिओ हसत हसत पुढे पाठवला, त्यांच्या घरचा चहा मी पीत नाही. माझ्या घरचा तरी कुठे गोड लागतो?

टपरीवर तो पुन्हा दिसला नाही. घराला आतून कडी असते. भाजी शेजारीण उंबऱ्यावर ठेवून जाते.

आमचं शेवटचं बोलणं त्याच दिवशीचं. लड संपल्यावर तो रांगतच कुंपणापाशी गेला. हातांना माझी गाठ सुटेना, ती त्याने दातांनी सोडवली. तो घराकडे निघाला, तसा मी मागोमाग गेलो.

"फौजी, चुकलं माझं."

तो वळला नाही. "साहेब, मागं बघा," एवढंच म्हणाला.

कुत्र्याने वळून पाहिलं. मागे मी होतो.