काळी स्क्रीन, उघडी नोंद

नोकरीतली बरीच प्रकरणं आता विसरलो आहे. हे एक विसरलो नाही, ते एका बाईने खाटेवरच्या नवऱ्याला विचारलेल्या प्रश्नामुळे. "तुमी जहर काहून पेले?"

कापसावर बोंडअळी पसरली होती, फवारणी करताना मजुरांना विषबाधा होत होती. मी तेव्हा यवतमाळ जिल्ह्यात ठाणेदार होतो. असाच एक मजूर शेतमालकाने स्वतःच्या मोटारसायकलवर खाजगी दवाखान्यात आणला. दवाखान्याने ठाण्याला पाठवलेल्या सूचनेत 'फवारणीतून विषबाधा' असं होतं. दुसऱ्या दिवशी हवालदार जबाब घ्यायला गेला, तेव्हा दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर 'विष प्राशन' अशी नोंद दिसली. मजुराच्या बायकोच्या कानावरही तेच गेलं. मजूर शुद्धीवर होता. "म्या काही पेलो नाही वं," एवढंच तो म्हणत राहिला.

दुपारी ठाण्यात फोन आला. दवाखान्यातल्या कॉम्प्युटरवाल्या पोरीने फवारणीचं औषध विकणाऱ्याकडून पैसे खाल्ले, असं सांगून समोरच्याने फोन ठेवला. तो मजुराच्या नात्यातला निघाला. त्याचा राग खरा होता, माहिती मात्र ऐकीव.

पोरगी जवळच्या तांड्यावरची, घरातली पहिली पगारदार. नोंद तिच्याच नावाने बदललेली होती.

"पासवर्ड कोणाला दिलास?"

"कोणालेच नाही, साहेब."

"उठून जाताना कॉम्प्युटर बंद करतेस?"

"तो आपोआप झोपते. स्क्रीन काळी झाली का आमी बंदच समजतो."

मी तिला घेऊन दवाखान्यातल्या कॉम्प्युटरच्या खोलीत गेलो. स्क्रीन काळी होईपर्यंत दोघंही थांबलो. मग मी माऊस हलवला. पासवर्ड न विचारताच तिच्या नावाने सगळं उघडलं. झोपण्याआधी स्क्रीन लॉक व्हायची सोयच कुणी केली नव्हती.

पोरगी खुर्चीत बसली. "म्हणजे कोणीबी हात लावला, तं नाव माहं?"

बदल जेवणाच्या सुट्टीत झाला होता. नातेवाईक त्याच खोलीत मोबाईल चार्ज करायला बसत. त्या दिवशी सुट्टीत तिथे शेतमालक बसला होता, हे नर्सला आठवलं. गावात लोकांचे ऑनलाइन अर्ज तोच भरून द्यायचा.

त्याला ठाण्यात बोलावलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. ज्याने रुग्णासाठी धावपळही केली आहे, त्याच्यावर ओरडून काही निघत नाही, हा माझा अनुभव.

"तुम्ही वेळेवर आणलं म्हणून तो वाचला, डॉक्टर सांगत होते," मी म्हणालो.

त्याने मान खाली घातली. "साहेब, तोंडाले बांधाले फडकंही देलं नव्हतं म्या. वाटलं, माह्यावरच केस होईन. कॉम्प्युटरले हात लावला तं सगळं उघडंच."

मालकावर गुन्हा दाखल झाला, डॉक्टरांनी नोंद दुरुस्त केली. पोरीची नोकरी राहिली. कॉम्प्युटर आधी लॉक व्हावा आणि मगच झोपावा, जागा होताना पासवर्ड मागावा, अशी सेटिंग दवाखान्याने करून घेतली. तिने ती माझ्यासमोर पुन्हा पुन्हा तपासून पाहिली.

मजुराचं मागणं वेगळं होतं. "पयले माह्या बायकोले सांगा."

मालक खाटेपाशी उभा राहून म्हणाला, "वहिनी, यानं काही पेलं नाही. तसं म्या लिहिलं."

तिने मालकाकडे पाठ फिरवली. नवऱ्याचा हात धरून म्हणाली, "मले वाटलं, माह्यामुळंच पेले तुमी."

पुढे प्रत्येक तपासात, कागद कुणाच्या नावावर आहे यापेक्षा त्या खुर्चीत आणखी कोण बसू शकत होतं, हे मी आधी पाहिलं. आणि खोट्या नोंदीमुळे कुणाच्या घरी कोण स्वतःला दोष देत बसलंय, हेही.